पोलादपूरचा पुठ्ठा आणि एक पूर्णविराम

प्रस्तुत प्रबंधाचा विषय एक टिंब आहे. व्याकरणात त्याला पूर्णविराम म्हणतात. ते एका ओळीच्या शेवटी बसायला एकवीस दिवस लागले. एवढ्या दिवसांत महाडहून पायी निघालेला माणूस रायगड, प्रतापगड आणि मकरंदगड करून घरी येतो आणि वर दोन दिवस गरम पाण्यात पाय बुडवून बसतो.

विषय क्षुल्लक आहे अशी शंका विद्वान वाचकाला येईल. तिचे निरसन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही, कारण विषय क्षुल्लकच आहे. क्षुल्लक विषयावर प्रबंध लिहिण्याचा फायदा असा, की पूर्वसूरी नसतात. त्यामुळे कोणाचे खंडन करावे लागत नाही आणि मार्गदर्शकाच्या घरी आंब्याची पेटी पोचवावी लागत नाही.

वस्तुस्थिती अशी. जगभरचे प्रोग्रामर मिळून याद्या करतात. २०१४ साली सिंद्रे सोरहुस याने गिटहब या संकेतस्थळावर ‘ऑसम’ नावाची याद्यांचीच यादी सुरू केली, आणि तेव्हापासून ही साथ आवरलेली नाही. विषय सांगा, त्यावरची पुस्तके, व्याख्याने, लायब्रऱ्या कोणीतरी एकाखाली एक लावून ठेवलेल्या असतात. यादी गावाची असते, पण दाराची कडी एकदोघांच्या हातात असते. त्यांना मेंटेनर म्हणतात. बाहेरच्याने ओळ सुचवायची म्हणजे यादीची स्वतःपुरती प्रत काढायची, तीत ओळ घालायची आणि ‘ही पदरात घ्या’ असा अर्ज करायचा. अर्जाचे नाव पुल रिक्वेस्ट. मंजूर झाला की ओळ मूळ यादीत मिसळते, तिला मर्ज होणे म्हणतात. अर्जाआधी नियम वाचायचे असतात. हीच ओळ आधी कोणी सुचवली आहे का ते शोधा. एका अर्जात एकच ओळ. नाव, आडवी रेघ, मग एका वाक्यात वर्णन. वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम.

मी निवडलेली यादी असिंक्रोनस प्रोग्रामिंगच्या साधनांची होती. ती कोणती हे सांगत नाही. मेंटेनर भला माणूस आहे आणि चूक माझी आहे. एका व्याख्यानाची ओळ मला सुचवायची होती. माझ्या समजुतीने सगळे नियम मी पाळले, शेवटचा सोडून. शेवटच्या नियमापर्यंत पोचलो तेव्हा आषाढातली संध्याकाळ होती, सावित्री नदीचे पाणी किती वर आले ते बघायला अर्धी आळी पुलाकडे निघाली होती, आणि आमच्याकडची वीज गेली. मोबाइलच्या उजेडात मी बटण दाबले आणि मीही पुलाकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. शेवटी पूर्णविराम हवा, एवढेच.

तो मी दिला. मग कळले की ओळ वर्णानुक्रमात चुकीच्या जागी आहे. ती हलवली. हलवताना पूर्णविराम मागे राहिला. तो पुन्हा दिला. मग चार दिवस आमच्याकडे नेट नव्हते. मग मेंटेनर सुट्टीवर गेला. एकवीस दिवसांची अशी फोड केल्यावर संशोधकाच्या हाती जे लागते ते विचार करण्यासारखे आहे: प्रत्यक्ष काम सगळे मिळून पाच मिनिटांचे, बाकी सगळी वाट पाहणे.

आणि नेमक्या याच हिशेबातून असिंक्रोनस प्रोग्रामिंग जन्मले. सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम बहुतेक वेळ काही करत नसतो. डेटाबेसकडून उत्तर येईल, पलीकडचे मशीन बोलेल, फाइल उघडेल, म्हणून तो बसून असतो. एकेका गिऱ्हाइकासाठी एकेक कामगार ठेवला तर कामगार मावत नाहीत. एका मशीनने एका वेळी दहा हजार गिऱ्हाइके कशी सांभाळावीत, हा प्रश्न डॅन केगेल याने १९९९ मध्ये मांडला. तोच पुढे ‘सी-टेन-के’ नावाने प्रसिद्ध झाला. त्याचे एक उत्तर असे, की कामगार एकच ठेवायचा, पण त्याला कुठेही ताटकळू द्यायचे नाही.

हे उत्तर समजून घेण्यासाठी मी बरीच इंग्रजी व्याख्याने ऐकली. शेवटी ते समजले महाडच्या स्टँडबाहेरच्या वड्याच्या गाडीवर. तिथे माणूस एक, कढई एक, गिऱ्हाइके सात. तो पिठात बुडवलेले पाच वडे तेलात सोडतो आणि कढईकडे पाठ फिरवतो. पाव चिरतो, त्यात लसणाची सुकी चटणी भुरभुरवतो, एकाला दोन वडापाव देतो, दुसऱ्याचे वीस रुपये घेतो, तिसऱ्याला ‘मिरची संपली’ म्हणून सांगतो. कढईकडे तो बघत नाही, पण ऐकतो. सोडल्या सोडल्या तेल जोरात तडतडते, वडे होत आले की आवाज उतरतो. आवाज उतरला की हातातले काम जिथल्या तिथे ठेवून तो वळतो आणि झाऱ्याने वडे काढतो. पुस्तकात ज्याला इव्हेंट लूप म्हणतात ते हेच. तडतड मंदावणे हा इव्हेंट, आणि हा माणूस म्हणजे लूप.

आता या व्यवस्थेचा नाश कसा होतो तेही तिथेच पाहायला मिळते. एक सद्गृहस्थ आले, एक वडापाव घेतला आणि पाचशेची नोट पुढे केली. गाडीवाल्याने डबा उघडला, अंगठा ओला केला आणि दहादहाच्या नोटा मोजायला लागला. मध्ये चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. त्या अवधीत तेलाचा आवाज उतरला, पण ऐकणारा कानच मोजणीत गुंतलेला. पाच वडे काळे झाले, सहा माणसे उपाशी राहिली. असिंक्रोनस प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी कोणी साधा ‘स्लीप’ लिहिला, तर तो एक जण झोपत नाही, सगळी वस्ती झोपते. हा दोष शोधायला मोठमोठ्या कंपन्यांत माणसे आठवडा घालवतात. गाडीवाल्याला तो वासावरून कळला.

इथे एका भाषिक मुद्द्याकडे वळणे भाग आहे, कारण तो सोडून पुढे जाणे मला जमणार नाही. इंग्रजीत, आणि म्हणून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतही, ‘अवेट’ हा एक शब्द. मराठीत वाट बघण्याचा निदान पाच घरांचा संसार आहे. थांबणे ही नुसती कृती, तिला हेतू नाही. तिष्ठणे हे उभ्याने, बहुधा कचेरीच्या दारात. ताटकळणे म्हणजे तिष्ठून तिष्ठून पाय दुखायला लागणे. खोळंबणे सामुदायिक, त्यात मागच्यांचेही काम अडते. कशेडी घाटात एक ट्रक आडवा झाला की रांगेतला कोणीही ‘मी थांबलोय’ म्हणत नाही, ‘खोळंबा झालाय’ म्हणतो. आणि पाचवे वाट पाहणे. यात डोळे वाटेकडे असतात आणि हात मोकळे. ओसरीवर बसून मुलाची वाट पाहणारी आई तांदूळ निवडत असते. म्हणजे पायथनमधल्या ‘अवेट’चा मराठी प्रतिशब्द ‘थांब’ नव्हे. तो ‘वाट पाहा’ असाच असला पाहिजे, आणि वड्याच्या गाडीवर झाला तो खोळंबा. ज्याने हे दोन शब्द अदलाबदल करून वापरले त्याच्या हाती कढई देऊ नये.

या शास्त्रात आणखी एक चूक नवशिके हमखास करतात. कोरूटीन, म्हणजे मध्येच थांबून पुन्हा पुढे चालू होणारे फंक्शन, लिहितात, तिला हाक मारतात आणि वाट पाहायला विसरतात. मग काहीच होत नाही. पायथन नुसती सूचना देते, की अमुक कोरूटीन कोणी अवेटच केली नाही. हाक मारली म्हणजे काम झाले असे नव्हे, तो नुसता वायदा असतो. वायदा म्हणजे काय हे महाडच्या माणसाला कोणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता, तळे तिथेच होते, आणि पाणी कोणाला पिऊ दिले जात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतरही कज्जा चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. एकवीस दिवसांचे रडगाणे मी त्या तळ्याच्या काठाने रोज जाता-येता गात होतो, हे इथे नोंदवून ठेवतो. असो.

आता मुख्य साधनाकडे. माझा पोलादपूरचा मामा किराणा दुकान चालवतो. दुकान स्टँडजवळ आहे, आणि पोलादपूर हे गावच मुळात वाटा फुटायची जागा. सरळ गेलात तर कशेडी ओलांडून खेड, डावीकडे वळलात तर आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, मागे फिरलात तर महाड. त्यामुळे दुकानात साबण मागणाऱ्यांपेक्षा ‘गाडी कधी आहे’ विचारणारे जास्त. कंटाळून मामाने वीसेक वर्षांपूर्वी बिस्किटांच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, त्यावर गाड्यांच्या वेळा लिहिल्या आणि सुतळीने दाराच्या चौकटीला लटकवला. पुढे त्या पुठ्ठ्यावर गावाचा हक्क लागला. कोणी येऊन सांगे, अमुक गाडी आता अर्धा तास आधी येते. कोणी सांगे, ती बंद झाली. असे दहा-बारा पुठ्ठे आजवर भरले आणि बदलले. दरवेळी जुना उतरवून मामाने नव्यावर हाताने नक्कल केली.

या पुठ्ठ्याला लेखी नियम नाहीत, पण नियम आहेत. मी ते विचारून विचारून काढले. नवी नोंद आधी पेन्सिलीने होते. तीन साक्षी मिळाल्या की बॉलपेनने गिरवली जाते. साक्षीचेही वजन ठरलेले. कंडक्टरची साक्ष दोन माणसांची. रोज त्याच गाडीने जाणाऱ्या मास्तरांची एक. ‘माझ्या भावजीने सांगितलं’ ही साक्ष धरली जात नाही. कॉलेजच्या पोराची अर्धी. अर्धी का, असे विचारल्यावर मामा म्हणाला, “पोरं गाडी बघत नाहीत रे, गाडीत कोण बसलंय ते बघतात.”

क्रमाविषयी. जागतिक याद्यांत वर्णानुक्रम लागतो, आणि तो इंग्रजीचा. त्यामुळे ज्याच्या लायब्ररीचे नाव ‘ए’ने सुरू होते तो जन्मतःच वर बसतो. असिंक्रोनस क्षेत्रात तर ‘एआयओ’ हे उपपद नावापुढे लावायची पद्धतच पडली, ‘एआयओएचटीटीपी’ हे त्यातले थोरले. म्हणजे निम्मी यादी एकाच अक्षरात गर्दी करून उभी असते, सुट्टीच्या दिवसांतल्या, रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडच्या गाडीसारखी. मामाच्या पुठ्ठ्यावर क्रम वेळेचाही नाही. तो दिशांचा आहे: ‘वर’, ‘खाली’ आणि ‘मुंबई’. वर म्हणजे महाबळेश्वर. खाली म्हणजे खेड-चिपळूण, मध्ये आख्खा कशेडी घाट चढायचा असला तरी. भूगोलाला यावर काय म्हणायचे असेल ते असो, पोलादपुरात आजवर कोणी चुकीच्या गाडीत बसलेले नाही.

यादी करण्यापेक्षा तीतले मेलेले शोधणे कठीण, हे दोन्हीकडे सारखेच. ज्या दुव्यामागे काहीच उरले नाही तो दुवा सोपा, मशीन लावून तो शोधता येतो. अवघड तो, जो जिवंत आहे पण सांगतो ते शिळे. पायथनचेच बघा. पायथनचा कर्ता ग्विदो व्हॅन रॉसम याने २०१२ च्या अखेरीस असिंकआयओचा प्रस्ताव मांडला, मार्च २०१४ मध्ये ३.४ आवृत्तीत ती लायब्ररी आली. तेव्हाची शिकवण ‘यील्ड फ्रॉम’ लिहायची. २०१५ मध्ये ३.५ आले आणि ‘असिंक’, ‘अवेट’ ही नवी लिपी सुरू झाली. २०१८ मध्ये ३.७ ने हे दोन शब्द राखीव करून टाकले. ज्या बिचाऱ्यांनी आपल्या एखाद्या चलाचे नाव ‘असिंक’ ठेवले होते त्यांचे प्रोग्राम नव्या आवृत्तीवर आणल्याबरोबर बंद पडले. खुद्द असिंकआयओच्या घरातच ‘असिंक’ नावाचे एक फंक्शन होते. त्याचे नाव तर आधीच बदलावे लागले होते, म्हणजे घरच्याच पोराला आडनाव ठेवून नाव बदलायला लावले. २०२२ मध्ये ३.११ ने जुन्या पद्धतीचा शिक्काच काढून घेतला. आता २०१४ चे एखादे उत्तम व्याख्यान यादीत असेल, तर ते ऐकायला येते, बोलणारा हुशार आहे, उदाहरणे झकास आहेत, आणि तसे लिहिलेत तर चालत नाही. ते ठेवावे की काढावे? यावर यादीकरांत जे वाद होतात त्यांच्यापुढे द्वैत-अद्वैत काहीच नव्हे.

पुठ्ठ्यावर हा प्रश्न २०२३ मध्ये आला. गणपतीच्या आधी कशेडीच्या बोगद्याची एक बाजू खुली झाली आणि पाऊण तासाचा घाट दहा-पंधरा मिनिटांवर आला. गाड्या त्याच, पाट्या त्याच, पण खेडला पोचायच्या म्हणून लिहिलेल्या वेळा सगळ्या खोट्या. मामाने त्या खोडल्या नाहीत. प्रत्येकीपुढे बारीक ‘घा’ लिहिले, म्हणजे घाटातून. बोगदा कधी बंद असला तर उपयोगी पडेल, असे त्याचे म्हणणे. पावसाळ्यात आंबेनळीत दरड आली की ‘वर’ या आख्ख्या रकान्यावर तो खडूने तिरपी रेघ मारतो. रस्ता मोकळा झाला की तीच रेघ ओल्या फडक्याने पुसतो. नोंद मेली आणि नोंद सध्या झोपली आहे, यांतला हा भेद मी अजून कोणत्याही जागतिक यादीत पाहिलेला नाही. मेंटेनरला तो सुचवण्याचा माझा विचार आहे, पण त्या अर्जातही पूर्णविराम राहून जाईल अशी भीती वाटते.

मेंटेनर नसलेलीही एक यादी आमच्याकडे आहे. महाडच्या बाजारपेठेत भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत. २००५ ची खूण, २०२१ ची खूण. तिथे अर्ज लागत नाही, कोणी काही तपासत नाही, आणि नोंद कोणी खोडत नाही.

पूर्णविरामाकडे परत येतो, कारण प्रबंध त्याचा आहे. मुळात हे चिन्ह आपले नव्हे. मोडी लिहिणारे कारकून शब्दही सुटे करत नसत, टिंब तर दूरच. आख्खे दप्तर एका दमात वाहत जाई, आणि वाचणारा अर्थ बघून श्वास घेई. मराठीला विरामचिन्हांची शिस्त एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी लावली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले हे कँडी. म्हणजे ज्या माणसाने मराठी शब्द गोळा करून ओळीने लावायला मदत केली, त्यानेच ओळीच्या शेवटी टिंबही ठेवायला शिकवले. यादी आणि पूर्णविराम यांचा हा जुना घरोबा आहे. महाडचा एक प्रोग्रामर तो विसरला याचा दोष कँडीसाहेबांकडे जात नाही.

पण यादीतल्या ओळीला पूर्णविराम हवाच कशाला, हा पूर्वपक्ष मी स्वतःच बरेच दिवस मांडत होतो. ओळ संपली की संपली, पुढे कोरी जागाच आहे. उत्तरपक्ष मला मामाच्या पुठ्ठ्यावर सापडला. तिथे पूर्णविराम नाही, पण बॉलपेनने गिरवलेल्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी मामा पेनचे टोक दाबून एक ठिपका ठेवतो. पेन्सिलीच्या नोंदीला ठिपका नसतो. विचारले तर म्हणाला, “ठिपका नसला तर कोणीही पुढे काहीतरी चिकटवतं. ‘सकाळी आठ’ लिहिलं की उद्या कोणी येऊन ‘तीस’ जोडून जातं.” म्हणजे ठिपका हे कुलूप. मेंटेनरला माझ्या ओळीशी देणेघेणे नव्हते, मी ती पुरती लिहून संपवली आहे की नाही हे त्याला पाहायचे होते. मी संपवली नव्हती. मी पाणी बघायला गेलो होतो.

एकविसाव्या दिवशी पहाटे तीनच्या सुमाराला ओळ मर्ज झाली. त्या वेळी मी झोपलो होतो, जसे असिंक्रोनस शास्त्रात असावे तसे. सकाळी कळले तेव्हा मी पोलादपूरला निघालो होतो. दुकानात पोचल्यावर मामाला फोनवर ती ओळ दाखवली. त्याने चष्मा कपाळावर सारून फोन लांब धरला, मग जवळ धरला.

“ही तुझी?”

“माझी.”

“पैसे?”

“नाही मिळत.”

“आमचे पण नाही मिळत,” असे म्हणून मामा समाधानाने हसला. मग फोन परत देत म्हणाला, “पण तुझी एक ओळ इथेही आहे. विसरलास?”

विसरलोच होतो. ‘वर’च्या रकान्यात तळाजवळ, दोन गिरवलेल्या नोंदींच्या मध्ये दडपलेली, फिकट पेन्सिलीची ओळ होती. शनिवारची, दुपारची एक गाडी. बारावीत असताना मीच येऊन सांगितली होती, आणि मामाने दर पुठ्ठा बदलताना तीही इमानाने उतरवून घेतली होती. पेन्सिलीनेच. शेवटी ठिपका नव्हता.

“अजून गिरवली नाहीत?”

“कशी गिरवणार? तुझी अर्धी साक्ष. अजून अडीच हव्यात.”

“अहो मामा, आता मी कॉलेजात नाही. पस्तिशी उलटली माझी. निदान एक तरी धरा.”

“साक्ष तेव्हाची आहे,” मामा म्हणाला, आणि कपड्याचा साबण मागत उभ्या असलेल्या बाईंकडे वळला.